अपेक्षित

सकाळी आधी सिरिंज.
तीन लिटरची, दुधाच्या किटलीएवढी जड.
यंत्राला जोडायची, दट्ट्या एका दमात आत,
पडद्यावर ३.०० उमटलं की आमचा दिवस सुरू.
शिवाजीनगरात, नऊ नंबरच्या रस्त्यावर
हे एकच फुप्फुस, ज्याची काही तक्रार नाही.

बालवाडीचा वर्ग आम्हाला दोनपर्यंत मिळतो.
भिंतीवर अननस, आगगाडी, आणि त्यांच्याखाली
मी चिकटवलेला छातीचा तक्ता.
पोरं त्याला फुलकोबी म्हणतात.

क्रमांक दोनशे सतरा. अनुसया सोनकांबळे.
उंची एकशे सेहेचाळीस. वजन एकोणचाळीस.
वय?
"बहात्तरच्या दुष्काळात आलो, तवा
आईच्या कडंवर व्हते. दात आल्ते म्हणं."
मी दातांवरून साल काढलं. यंत्राला साल लागतंच.
चूल? आता गॅस. आधी?
काय मिळंल ते. रेग्झीन, चपला,
एकदा एका शाळेची बाकं.
काम? भंगार निवडते. किती वर्षं?
त्यावर ती हसली, हसण्याचा खोकला झाला,
तो थांबेपर्यंत मी पेन टेकवून बसले.

मग नाकाला चिमटा. ओठ घट्ट.
भरून घ्या, भरून घ्या, अजून भरा, आणि सोडा!
सोडा सोडा सोडा, सहा सेकंद, थांबू नका मावशी,
आहे अजून आत, अजून, अजून –
दिवसातून चाळीसदा मी अशी ओरडते.
मुलगी म्हणते, आई, तू झोपेतही अजून म्हणतेस.

पहिली फुंक दोन सेकंदांत सरली.
दुसरीत खोकला. तिसरी ओठांच्या फटीतून निसटली.
नियम असा, की तीन फुंका एकमेकींशी जुळाव्यात
बहिणींसारख्या, दीडशे मिलिलिटर इकडेतिकडे.
सातव्या फुंकेला जुळल्या.
ती भिंतीला टेकून दम खात बसली,
पदराने तोंड पुसलं, पडद्याकडे बोट केलं:
काय लिवलंय?

वाचून दाखवलं. अपेक्षित, १.७१. तुमचं, ०.८४.

"अपेक्षित म्हंजी? कुणाला?"

वीस महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, म्हणजे जी बाई निरोगी असते ना,
तुमच्या वयाची, तुमच्या उंचीची,
जिला धूर नाही, मिसरी-बिडी नाही, कधी टीबी नाही...
"ती ऱ्हाती कुठं?"

तुलनेसाठी असे साठ जण याच वस्तीतून हवे होते.
मिळाले अकरा. त्यातले चार
पावसाळ्यानंतर यादीतून काढावे लागले.
सर मीटिंगमध्ये म्हणाले, नमुना अपुरा आहे.
मी इतिवृत्तात तसंच लिहिलं.

उठताना तिने पुठ्ठ्याची नळी मागितली, तोंडात धरलेली.
"नातू पिपाणी करंल."
देता येत नाही म्हटलं. थुंकी लागलीय, जंतू असतात,
ही पिवळ्या पिशवीत जाते, पिशवी गाडीत,
गाडी भट्टीवर.
कुठल्या भट्टीवर, ते तिने विचारलं नाही.
चिमणी दारातून दिसते.

खोक्यातली एक कोरी नळी काढून दिली.
रजिस्टरात लिहिलं: एक खराब.
तिने ती ब्लाउजमध्ये खोचली, पाकिटासारखी,
आणि उंबऱ्यावर थांबून, श्वास जमवून विचारलं,
औषध कधी मिळंल?
मी म्हटलं, हा अभ्यास आहे, मावशी.
चिठ्ठी देते, शताब्दीला दाखवा.
चिठ्ठीवर माझं अक्षर जरा जास्तच सुवाच्य आलं.

दीडच्या सुमाराला गल्लीतून आवाज आला,
भोकं नसलेला, बेसूर,
नळीला तोंड लावून कोणी नुसतं पोंऽऽ करावं तसा.
सवयीने घड्याळाकडे नजर गेली.
चार. पाच. सहा.
सहाच्या पुढे मी मोजणं सोडलं
आणि सिरिंज पुसायला घेतली.