सत्तेचाळिसावा प्रश्न

शेरीफच्या कचेरीतला अर्ज एकतीस पानांचा.
पत्ते, शाळा, सोडलेल्या नोकऱ्या,
गाडी वेगात हाकल्याचा दंड,
सगळं तारखेसकट भरत आलो,
आणि सत्तेचाळिसाव्या प्रश्नाशी
पेन मुक्कामालाच राहिलं.
“पकडले गेला नसाल तरीही,
दुसऱ्याची वस्तू कधी घेतली आहे का?”

पकडले गेला नसाल तरीही.
हे ज्याने लिहिलं
त्याच्याही मनात एखाद्या रात्री
चांदणं पडलेलं असणार.

आमच्या रात्री ते बाहेरही होतं.
मोंटानातला जुलै, मिल्क नदीचा काठ.
मी सतरा वर्षांचा,
चुलतभाऊ डेल अठरा वर्षं तीन आठवड्यांचा.
(हे तीन आठवडे नंतर कोर्टाने मोजले.)
सोल्वेग ओस्टबीच्या पंपाची तांब्याची तार
हरणाचं आतडं काढावं
तशी ओढत काढली आम्ही.
भंगारवाल्याने एकशे बारा डॉलर टेकवले.
चार टायर घ्यायचे होते, दोनच आले.
दोन्ही माझ्या ट्रकला लागले.

टोपी राहिली डेलची, पंपाच्या खोपटात.
“बरोबर कोण होतं?” पोलिसाने विचारलं.
“चंद्र,” डेल म्हणाला.
मी तेव्हा घरी
वाटाण्याचं सूप पीत होतो.
दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

मग नऊ वर्षं.
बर्फात रुतलेल्या गाड्या ओढल्या,
रुग्णवाहिकेवर फुकट रात्रपाळ्या केल्या,
एका बाईचं बाळंतपण हायवेवर, टॉर्चच्या उजेडात.
लोक म्हणू लागले, कोल्टर भला पोरगा.
भला म्हटलं की मला
ती टोपी दिसायची.

डेल आता टायरच्याच दुकानात आहे.
हसू नका, तो स्वतःच हसतो.
शिक्षेमुळे त्याला बंदूक बाळगता येत नाही,
हरणांच्या मोसमात
नुसती दुर्बीण घेऊन डोंगर चढतो.
मी अर्ज दाखवला.
तो चाकाचे नट आवळत राहिला.
पाचही आवळून झाल्यावर म्हणाला,
“लिही.
पण माझं नाव नीट लिही, शेवटी दोन एल.
कोर्टाच्या कागदावर त्यांनी एकच घातला होता.”

ओस्टबीबाईंकडे गेलो
तर जाळीचं दार अर्धंच उघडलं त्यांनी.
पंप अकरा दिवस बंद होता, म्हणाल्या.
कुठे पाणी मुरलं हे कळायच्या आत
घासाची दुसरी कापणी करपून गेली.
दोन गाई विकाव्या लागल्या,
त्यातली एक हाक मारली की यायची.
मग दार पूर्ण उघडलं.
मी टेबलावर एकशे बारा डॉलर ठेवले.
त्यांनी दोनदा मोजले आणि घेतले.
क्षमाही मागितली मी,
ती टेबलावरच राहिली.
कॉफी विचारली नाही त्यांनी.
त्यांचं काही चुकलं नाही.

आज मुलाखत होती.
सार्जंट व्हर्लीन टूहीने पान उलटलं,
पुन्हा मागे आणलं.
“हे कुठेच नोंदलेलं नव्हतं. ठाऊक आहे ना?”
“आहे.”
“मग?”

रस्ताभर वाक्यं जुळवली होती,
जबाबदारी, सचोटी, बिल्ल्याचा मान,
सगळी इस्त्री केलेली.
तोंडातून निघालं ते एवढंच,
“त्या नावात शेवटी दोन एल आहेत.
एकदा बघून घ्याल?”
तिने चष्मा लावला,
बोट ठेवून अक्षरं मोजली.
“दोन आहेत,” म्हणाली,
आणि अठ्ठेचाळिसाव्याकडे वळली.

निकाल सहा आठवड्यांनी.
होकार येईल असं वाटत नाही,
कधीकधी वाटतंही.
बाहेर पहिलं बर्फ भुरभुरतंय
आणि वळणावर ट्रक मागून सरकतो.
टायर गुळगुळीत झालेत.
डेलकडे जायला हवं,
चारही बदलायला.
पूर्ण किंमत देऊन.