भोकांचा भाव

नव्या पेठेतल्या दुकानदारानं पांढऱ्या कड्या दाखवल्या.
सातशे रुपये किलो.
"यात असतं काय?"
"भोकं. भोकांत जंतू राहतात,
माशाची घाण खातात."

भोकांना सातशे!
टॉवेलच्या मागावर माझी एकवीस वर्षं गेली.
वीतभर कापडावर लूप उभे केले
की त्यात अंगण मावतं,
एवढं मलाही कळतं.

पण सूत पाण्यात कुजतं.
म्हणून मंगळवार बाजारातून
भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळ्या आणल्या, दहाला एक,
आणि अंबव्वानं पाडलेल्या मोरीच्या विटा फोडून
भिजत घातल्या, लाली सुटायची थांबेस्तोवर.

बायकोच्या मांडीवर विड्यांचं सूप.
"किती दिवस?"
"महिना."
"दिसणार काय?"
"काहीच नाही."
"मग ते आले हे कळणार कसं?"
"मासा मरणार नाही."

पाचव्या दिवशी नळ येतो, औषधाचा वास घेऊन.
पिंप रात्रभर उघडं ठेवायचं.
जाळी धुवायची ती टाकीतल्याच पाण्यात;
नळाखाली धरली तर अख्खी वस्ती जाईल.
श्रावंतीला दोनदा बजावलं.

तेविसाव्या दिवशी पाणी दुधाळलं,
मग आपलं आपणच निवळलं.
त्याच रात्री लाइट गेली. मोटार गप्प.
आधी विटेतल्यांची काळजी वाटली,
माशाची नंतर.
अंधारात मगानं पाणी उचलून
वरून ओतत बसलो, जाळ्यांवर, विटांवर.

दीड वाजता ती उठली.
"सरका," म्हणाली,
"तुमची सकाळपाळी आहे."