बरणी क्रमांक एकशे बारा

आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात,
कांदासुद्धा विचारून शिरतो.
आणि मी, भूपाल मगदूम, सव्वीस वर्षं मासे सांभाळले
सांगलीच्या कॉलेजात, तळमजल्यावर.

एकशे बारा नंबरच्या बरणीत हा. वीतभरसुद्धा नाही.
जयगडचा एक पोरगा शिकायला होता, तो म्हणाला,
मामा, ह्याला आमच्यात पाखरू म्हणतात.
तेव्हापासून मीही.

उडतो म्हणतात ते खरं नाही, मॅडम दरवर्षी सांगायच्या.
पंख हलवतच नाही तो.
पाण्याखालून वेग घेतो, अंग बाहेर काढतो,
पण शेपटीचा खालचा लांब काटा पाण्यातच ठेवून
सपासप मारत राहतो,
आपण एक पाय पेडलवर ठेवून दुसऱ्यानं रस्ता ढकलतो ना,
तसा.
मग टांग टाकतो
आणि पुढचं वारा बघतो.

मागं मोठा मासा लागलेला असतो.
वर पक्षी टपलेला.
मॅडम इथं पान उलटायच्या.

रात्री कंदिलाला भुलून होडीत येऊन पडतो.
अंड्यांना धागे असतात त्याच्या,
वाहत्या गवताला, काटकीला गुंडाळून राहतात.
जे स्वतःच वाहतंय, त्याला कशाला धरायचं,
असं मला वाटायचं.

पुराच्या साली अकराव्या दिवशी कुलूप उघडलं.
बाकं उलटी. बेडूक, साप, गर्भाच्या बरण्या, सगळ्याचा काला.
चिखलाला फॉर्मलिनचा वास.
एकशे बारा तेवढी खिडकीत,
पडद्याच्या दोरीला अडकून लोंबकळत होती.
औषध निम्मं उडून गेलेलं तिच्यातलं;
मागणीपत्र तीन वर्षं ऑफिसात पडून.
भरलेली असती तर बुडाली असती.

धोतराच्या फडक्यानं पुसली.
आत पाखरू, पंख अंगाला चिकटलेले.
समुद्रातून आणल्यापासून
एवढ्या पाण्यात पहिल्यांदाच गेलं असेल
आणि तेही काचेतून.

लेबल धुऊन गेलं होतं. नंबर नाही,
म्हणून पंचनाम्यात क्लार्कनं लिहिलं: वाहून गेली.
मी काही बोललो नाही.
लॅटिन नाव आठवेना, नवीन चिठ्ठीवर बॉलपेननं
पाखरू लिहिलं, ओल्या हातानं, जरा तिरकं.

अजून आहे. तिथंच, खिडकीशी.
भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे,
तिच्या हातभर खाली.