सहावी तार

अबनेर, तुझ्यावर कार्यक्रम आहे रविवारी,
शरणपूरच्या हॉलमध्ये.
फ्लेक्सवर तुझ्या हातात कुणीतरी
भलतीच गिटार दिलीय, लाल, चकचकीत.
तुझी काळी होती. फुटक्या कोपऱ्याला
एसटीच्या पासचं प्लास्टिक चिकटवलेली.

मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय.
काय सांगू?

की आपल्या बँडचं नाव लोडशेडिंग होतं
आणि गॅदरिंगच्या रात्री खरंच लाइट गेली?
अँप मेला, माइक मेला,
तू वाजवत राहिलास.
पहिल्या रांगेलाही फक्त नखं ऐकू येत होती,
पत्र्यावर चिमण्या चालाव्यात तशी.
मी दोन ठोके चुकलो. अंधारात
तू मान हलवलीस, ते दिसलं मला.

की तुझे वडील जेल रोडच्या प्रेसमध्ये नोटा छापायचे
आणि तू तारांसाठी माझ्याकडून सातशे नेलेस?
ते बाकी आहेत अजून.

रॉकवाले कशाने मरतात
हे आपल्याला पोस्टरांवरून पाठ होतं.
तू डेंग्यूने गेलास.
सव्विसाव्या वर्षी, कूलरमध्ये साचलेल्या पाण्यापायी.
प्लेटलेट अकरा हजार.
मी जिन्यात उभा राहून रक्तासाठी फोन लावत होतो,
वर आलो तर तू सलाइनकडे बघत
चादरीवर बोट आपटत होतास.
म्हणालास, साताचं पडतंय हे,
चारात बसवू नकोस.

ड्रम मी विकले. अंबडला सीएनसीवर लागलो.
काही पार्ट कापताना मशीन
बरोब्बर तुझ्या सुराला येतं.
सुपरवायझरला वाटतं, टूल घासलंय.

मागे राहिलं काय, तर सव्वातीन मिनिटं.
तुमच्या स्वयंपाकघरात, माझ्या नोकियावर.
शेवटी कुकरची शिट्टी होते
आणि तुझी आई ओरडते, बंद कर रे आता!
गॅस की गिटार,
वीस वर्षं ऐकतोय, कळलेलं नाही.

परवा गोदापार्कला एक पोरगा बसला होता,
सोळाचा असेल, मिशी नुकती कुठे धरलेली.
तेच वाजवत होता.
शेवटी तार ओढून ओढून
कुकरची शिट्टीसुद्धा.
विचारलं, कुणाचं आहे रे?
म्हणाला, कुणाचं नाही काका,
जुनं आहे, असंच आहे ते.

तुझं नाव ओठांवर आलं होतं.
का कुणास ठाऊक, नाही घेतलं.
एवढंच म्हणालो,
सहावी तार दोन पडदे खाली उतरव.
त्याने कान खाली नेऊन खुंटी फिरवली,
एकदा छेडली,
आणि माझ्याकडे असं बघितलं
जसं मी त्याच्या घरात न विचारता
दिवा लावला होता.

सेट जुना होता त्याचा, गंजलेला.
खिशात होते तेवढे दिले, तारा घे म्हटलं.
सातशेच निघाले.

लिहून ठेव, अबनेर.
चौदाशे झाले.