मिंगा

एदेलमिरा बारिया, वय त्रेपन्न.
चिलोए बेटावरून पहाटेची फेरीबोट धरून आलेली,
पिशवीत सहा डॉक्टरांचे सहा कागद.
एकात मन, एकात पित्त, एकात पाळी जाण्याचं वय,
एकात नुसतंच: वजन कमी करा.
वजन होतं एकावन्न किलो.

"बटाट्याची पाटी घेऊन चढ चढले
की छातीवर कुणीतरी येऊन बसतं," ती म्हणाली.
"कोण ते माहीत नाही. ओळखीचंच असावं,
लहानपणापासून येतं."

सातवा कागद मी लिहायलाच घेणार होते.
प्रोब उचलता उचलता हात जरा तिरका झाला
आणि हृदयाच्या मधल्या भिंतीत,
जिथे काहीच वाहायला नको,
तिथे रंगांचे ठिपके. राखेतले निखारे.

मग सीटी. श्वास रोखा, म्हटलं.
रोखला तिने; मीच सोडायला विसरले.

डावी धमनी महाधमनीतून निघायची,
ती निघाली होती शेजारच्या घरातून,
फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीतून,
जिथे रक्त काळपट आणि दाब फुंकरीएवढा.
अशी बाळं बहुतेक
पहिला वाढदिवस बघत नाहीत.

हिला उजवीने जगवलं.
बोटभर फुगलेली, वेटोळ्या वेटोळ्यांची उजवी,
भिंतीतून बारीक वाटा पाडत पलीकडे पोचलेली.
त्रेपन्न वर्षं दोन्ही घरांचं दळण तिच्याकडे.
आणि डावी? मिळालेलं घेऊन उलटी वाहायची,
निम्मं त्या चुकीच्या दारात ओतून यायची.
आंधळं दळतं, ही आजवर नुसती म्हण होती.
आता तिला माप होतं: नऊ मिलिमीटर.

"धमनी उचलून तिच्या जागी न्यावी लागेल," मी म्हटलं.
ती हसली. "म्हणजे मिंगा."

मी सान्तियागोची, मला कुठलं ठाऊक.
तिने सांगितलं: घर हलवायचं असलं
की अख्खं घर ओंडक्यांवर चढवायचं,
बैल जुंपायचे, दोर धरायला सगळा गाव.
खिडक्यांना पडदे तसेच.
"आमचं घर असंच आलं टेकडीवरून.
मी आत होते, सात वर्षांची. चुलीवर किटली."

"सांडलं काही?"

तिने बराच वेळ आठवून पाहिलं.
"थोडं. सांडतंच."

मी पुएर्तो मोंतच्या सर्जनचा नंबर फिरवत होते.
ती बोटं मोजत होती.
मिंगा झाली की घरच्यांनी जेवण घालायचं असतं,
तुमची माणसं किती धरू, विचारत होती.