पान अडतं तिथे

मियागाओच्या बाजारामागे, सुक्या मासळीच्या गल्लीत
तिया पुरिंगचा बाक आहे, फणसाच्या लाकडाचा,
माणसं पालथी पडून पडून मधोमध खोलगट झालेला.
मी तिचा भाचा.
तेल कोमट करतो, केळीची पानं पुसतो,
रांगेतल्यांना नंबर वाटतो,
आणि तीन वर्षं तिला एकच विचारतो :
कधी?
कधी खोल जायचं, कधी नुसतं वरवर?
ती म्हणते, तेल सांडलंस बघ.

पानाला ती खोबरेल चोपडते,
निखाऱ्यावर धरते, पाठीवरून ओढते.
पान सरसर जातं, जातं,
आणि एका जागी अडतं.
तिथे पानुहोत. कोंडून बसलेला वारा,
मांसात मुरलेला, बरणीच्या तळाच्या लोणच्यासारखा.
तिथे तिचा अंगठा उतरतो.
माणूस श्वास सोडतो तेव्हा एक पायरी खाली,
घेतो तेव्हा थांबून.

हातमागावरची नेल्फा आली
तेव्हा अकरा वर्षं फेकलेले धोटे
सगळे तिच्या डाव्या खांद्यात येऊन थांबले होते.
हाक मारली की अख्खी वळायची, कपाटासारखी.
तियानं चाचपलं. हाडं नीट, ताप नाही, सूज नाही,
दुखणं जुनं, गार, हट्टी.
म्हणाली, आज.
नेल्फा ओरडली नाही.
ती सुताचे भाव सांगत राहिली,
आणि अंगठा जसा खोल गेला
तसे भाव चढत गेले.
शेवटी निळ्या सुतापाशी ती गप्प झाली, बराच वेळ.
जाताना दारातून मागे वळून म्हणाली, पैसे शनिवारी.
फक्त मान वळवून.

मग क्रिसान्तो. जहाजावरचा फिटर,
रॉटरडॅमहून तीन विमानं बदलून कालच उतरलेला.
पोटरी धरली आहे म्हणाला, उजवी. जोर लावा, दुप्पट देतो.
नोट बाकावर ठेवली. मी तेल लावूनही टाकलं होतं.
तियानं पालथा हात आधी एका पोटरीला लावला,
मग दुसरीला.
पुन्हा पहिलीला.
मग पदराआड असावा तसा चेहरा करून
माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि तेल पुसून काढलं.
"एकच पाय फुगलाय. एकच पाय तापलाय.
हे माझं नाही. इस्पितळात जा.
चालत नको, ट्रायसिकल बोलाव."
म्हातारी घाबरली, तो म्हणाला, गल्लीला ऐकू जाईल असं.
नोट उचलून घेतली.

नवव्या दिवशी त्याची बायको आली, आंब्यांची टोपली घेऊन.
रक्ताची गुठळी होती, म्हणाली.
कुणी चोळलं असतं, तर डॉक्टर म्हणाले…
पुढचं तिनं टोपलीकडे पाहून गिळलं.
तिया आंबे निवडायला बसली होती.
मी एक दाबून बघितला, तर हातावर चापट.
"दाबून बघतात का? डाग पडतो.
देठाशी नाक ने.
हा उद्याचा. हा परवाचा.
हा आजचा. खा."

मी खाल्ला. रस कोपरापर्यंत आला.
काही कळलं असं नाही म्हणणार.
पण त्यानंतर तेल लावण्याआधी
माझा हात आपोआप पालथा होतो.

काल संध्याकाळी ती स्वतःच बाकावर पालथी पडली.
न सांगता. चष्मा काढून माझ्याकडे दिला.
मी निखारे फुंकले, पान धरलं,
मानेपासून ओढलं.
अडलं.
सोडवून पुढे नेलं. अडलं.
बोटभर जाईना कुठे.
बावन्न वर्षं लोकांच्या पाठीतून काढलेलं
ती बाहेर टाकत असेल असं मला वाटायचं.

खोल जा, ती लाकडात तोंड खुपसून म्हणाली.
मी पालथा हात ठेवला. दोन्हीकडे सारखंच गार.
बाहेर बारा नंबरवाला खोकत होता.
त्याला म्हटलं, उद्या या,
आणि तिनं श्वास सोडायची वाट बघत उभा राहिलो.