मुदत ठेव

पाक्सेच्या आमच्या शाखेत
सकाळी आधी यंत्र जागं होतं, मग पंखा, मग मी.
यंत्र नोटा मोजतं तेव्हा
वाळक्या पाचोळ्यातून कुत्रं पळाल्यासारखा आवाज येतो.
पाचशेच्या नोटा मात्र ते थुंकून टाकतं.
त्या मी मोजते,
ओल्या स्पंजवर अंगठा टेकवत.

इथे सगळेच लखपती.
शेवयांची वाटी तीस हजारांना,
गेल्या पावसाळ्यात सतरा होती.
फळ्यावर डॉलरचा भाव रोज लिहायचा असतो;
आता खडू संपला की साहेब चिडत नाहीत,
हायसं वाटल्यासारखे बसतात.

थोंगवान पहिल्या नावेने आली, मेकाँगपलीकडून.
पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, वरून केळीचं पान.
"पाच वर्षांपूर्वी एक म्हैस ठेवली होती," म्हणाली,
"आता केवढी झाली बघ."

नव्वद लाख किप ठेवले होते.
व्याज धरून एक कोटी वीस लाख.
मी आकडा मोठ्याने सांगितला, जरा कौतुकानेच,
आम्हाला तसं शिकवलंय.

तिने बोटांची पेरं मोजली.
"बाजारात म्हैस दोन कोटी तीसला आहे.
म्हणजे अर्धी उरली."
मग काचेच्या भोकापाशी तोंड आणून,
"पुढची अर्धी, की मागची?
पुढची असेल तर चारा घालावा लागेल.
मागची असेल तर शेण तरी मिळेल."

माझ्याकडे व्याजाचं कोष्टक आहे,
मुदतीआधी मोडल्याचं आहे, वारसाचं आहे,
हरवलेल्या पासबुकाचंही आहे.
हे नाही.
तिच्या मागे रांगेत कोणीतरी हसलं
आणि लगेच गप्प झालं,
त्याचीही कसली तरी म्हैस असणार आत.

भिंतीवर पाटी आहे: आपलं चलन, आपला अभिमान.
ती पुसायचं काम माझ्याकडे, दर शुक्रवारी.
पंचवीस तारखेला पगार होतो, याच नोटांत,
आणि सव्वापाचला मी बाजारामागच्या सोनाराकडे असते.
साहेब रांगेत माझ्या पुढे, दोन माणसं सोडून.
आम्ही एकमेकांना ओळखत नाही तिथे.

"तू कुठे ठेवतेस गं, पोरी?"
"इथेच, मे."

ती काही बोलली नाही.
माझ्या कानांकडे पाहत राहिली.
"छान आहेत," म्हणाली. "नवे?"
मी केस पुढे ओढले.

थोरला उबोनला, कोंबड्यांच्या कारखान्यात.
भातनं भरतात त्या टोपलीत
तो बाथच्या नोटा दडवून पाठवतो, हे तिनेच सांगितलं,
सहज, पाण्याची पातळी सांगावी तसं.
मग पासबुक माझ्याकडे परत सरकवलं.
"राहू दे अजून वर्षभर.
घरी नेली तर धाकटा फटफटीत घालील.
इथे निदान शेपूट तरी शिल्लक राहील."

मी शिक्का मारला. शाई फिकट उठली, पुन्हा मारला.

निघताना तिने पाचशेच्या दहा नोटा मागितल्या,
पहाटे भिक्षूंच्या पात्रात घालायला.
"कोऱ्या दे."
कोऱ्या नव्हत्या.
मी त्यातल्या बऱ्या निवडल्या, मोजून दिल्या.
काउंटरवरच थांबून
तिने त्या परत मोजल्या.
दोनदा.